विषाणू हटला, कोलेस्टेरॉल का चढले?

प्रश्न : हेपटायटिस सीसाठी सोफोसबुविर-वेलपाटासविर सुरू आहे. एलडीएल कोलेस्टेरॉल ९२ वरून १३१ झाले, रक्तदाबही थोडा वाढलाय. गोळ्या बंद करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको! १२ आठवड्यांचा कोर्स अर्धवट सोडण्यातच खरा धोका आहे. हा विषाणू यकृतातल्या चरबीच्या यंत्रणेवर पोसतो, तिच्याच कणांवर स्वार होऊन रक्तात फिरतो. म्हणून आजारात एलडीएल कमी दिसते. विषाणू गेला की आकडा वर येतो. फसवे होते ते बहुधा तुमचे ९२. कोर्स संपल्यावर तपासणी पुन्हा करा.

रक्तदाब या गोळ्यांनी सहसा वाढत नाही. आठवडाभर घरी मोजून नोंद डॉक्टरांना दाखवा.

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन मात्र मनाने घेऊ नका. रोसुव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण या औषधाने वाढते. हृदयाच्या लयीसाठीचे अमिओडेरोन चालू असेल तर आजच डॉक्टरांना कळवा, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. ॲसिडिटीची गोळीही विचारूनच. तिच्यामुळे वेलपाटासविर नीट शोषले जात नाही.