कुलसूम : एका जुन्या नावाची ओळख

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या किनाऱ्यावरील आपल्या घरांत ‘कुलसूम’ हे आजी-पणजीचे नाव म्हणून परिचित आहे. तेच नाव नातीला ठेवावे असे कोणी सुचविले, की तरुण आईबाप विचारतात, ‘त्याचा अर्थ काय?’ प्रश्न रास्त आहे.

अरबीत ‘कुलसूम’ म्हणजे गालांचा, चेहऱ्याचा भरीवपणा. ‘उम्म’ म्हणजे आई. ‘उम्मे कुलसूम’ ही घडणीने कुन्यत, अर्थात अपत्यावरून पडणारे संबोधन. परंतु ती स्वतंत्र नाव म्हणूनही रूढ झाली.

या अर्थात भक्ती नाही की सद्गुण नाही. मग हे नाव सोडून द्यावे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांचा परिपाठ पाहा. ऐन आणि साद या अक्षरांनी लिहिले जाणारे ‘आसिया’, म्हणजे अवज्ञा करणारी, हे एका स्त्रीचे नाव त्यांनी बदलून ‘जमीला’ ठेवले. फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे ‘आसिया’ हे नाव निराळे. ते अलिफ आणि सीनने लिहितात. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून नाव ठरविताना अरबी अक्षरे अवश्य पडताळावीत. उम्मे कुलसूम हे नाव मात्र प्रेषितांनी (स.) बदलले नाही, ते त्यांच्या स्वतःच्या कन्येचे होते. बहीण रुकय्या (रजि.) यांच्या निधनानंतर हिजरी ३ मध्ये त्यांचा निकाह हजरत उस्मान (रजि.) यांच्याशी झाला.

याच नावाची दुसरी स्त्री म्हणजे उकबाची कन्या. पिता इस्लामचा कट्टर वैरी. तरीही हुदैबियाच्या तहानंतर ती श्रद्धेसाठी घर सोडून मक्केहून मदिनेस आली. भाऊ तिला परत न्यावयास आले, तेव्हा सूरह अल्-मुम्तहिनाच्या दहाव्या आयतीतील आदेशानुसार तिला परत पाठविण्यात आले नाही. लोकांत समेट घडविणाऱ्याला खोटारडा म्हणू नये, ही हदीस तिच्याकडूनच आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

आपल्या किनाऱ्यावरही अल्पवयीन नवाबाच्या वतीने १९२२ ते १९३३ या काळात जंजिरा संस्थानाचा कारभार त्याच्या मातेने पाहिला. तिचे नाव कुलसूम बेगम.

तात्पर्य, नावाचा अर्थ वाईट नसावा, ही पहिली अट. ते धारण करणाऱ्यांचे चारित्र्य त्याला मोल देते. अकीक्याच्या दिवशी आजीचे नाव नातीला द्याल, तर ती जाणती होताच या स्त्रियांची हकिकतही तिला सांगा. हकिकतीवाचून दिलेले नाव हाक मारण्यापुरतेच उरते.