नितळ पाण्यातील सावध मासा आणि पारदर्शक आमिष

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा गावाच्या परिसरात तेरणा नदीचा उगम होतो. पावसाळ्यात या भागातील तळ्यांचे पाणी गढूळ असते. पुढे गाळ खाली बसला म्हणजे ते नितळ होते. गढूळ पाण्यात उपयोगी पडलेले भडक रंगाचे कृत्रिम आमिष अशा वेळी निरुपयोगी ठरते. त्याची कारणे जाणून घेणे इष्ट होय.

मरळ मासा भक्ष्याचा वेध मुख्यत्वे नजरेने घेतो. तो भक्ष्याकडे खालून पाहतो, तेव्हा आकाशाच्या उजेडावर अपारदर्शक आमिष, रंग कोणताही असो, काळेच दिसते. पारदर्शक आमिषातून उजेड आरपार जातो व त्याची कड लहान माशासारखी पुसट दिसते. शिवाय पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो. त्यामुळे खोलवर तांबडे आमिष काळसर भासते.

पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडावी. ती एक मीटरच्या खालीही दिसत असल्यास पाणी नितळ समजावे. अशा पाण्यात पाठ फिकट हिरवट किंवा धुरकट, पोट रंगहीन व अंगात थोडी रुपेरी चमक असलेले आमिष निवडावे. ते सूर्यप्रकाशात धरून उजेड आरपार येतो की नाही, हे पाहावे. पहाटे, सायंकाळी व गढूळ पाण्यात मात्र ठसठशीत, अपारदर्शक आमिषच बरे.

तंगूस बारीक असावा. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, नायलॉनचा सुमारे १.५ व फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ असल्याने शेवटचा हातभर दोरा फ्लुरोकार्बनचा ठेवल्यास तो कमी दिसतो. माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरील सुमारे ९७ अंशांच्या झरोक्यातून दिसते. म्हणून काठावर उभे न राहता मागे, बसून गळ टाकावा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

कटला, रोहू व मृगळ हे मासे शिकारी नसल्याने त्यांच्यासाठी या आमिषावर खर्च करू नये. कणकेची गोळी पुरते. पिलांच्या थव्याची राखण करणारा मरळ धरू नये. राखणदार गेल्यास पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

मासा गळाला लागत नाही म्हणून पाण्यात स्फोटके उडविणे वा विष कालविणे हा गुन्हा आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेही त्यास मनाई केली होती. त्यायोगे एका दिवसाच्या लाभासाठी पिलांसह तळ्याचे पुढील उत्पन्न बुडते. आमिष बदलण्यास खर्च थोडा येतो. तळे पुन्हा माशांनी भरण्यास मात्र वर्षे लागतात.