पोरगी खेळायची का थांबते?

सख्यांनो, या महिन्याच्या बैठकीचा हा पाठ. एका ताईने मोठ्याने वाचावा, मग सगळ्यांनी बोलावं.

आठवा बरं, तुमची मुलगी चौथीत असताना कशी होती? शाळा सुटली की लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या. हाका मारून आपला घसा दुखायचा. आता ती आठवीत आहे आणि अंगणातही पळत नाही. आपण म्हणतो, "आळशी झालीय." पण खरंच तसं आहे का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ च्या जगभरातल्या आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या १०० मुलींपैकी ८५ जणी यात कमी पडल्या. मुलगे ७८. मुलगेही कमीच, पण मुली जास्त मागे.

खेळायची इच्छा आजूबाजूची माणसं वाढवतात, नाहीतर मारतात.

घर : "मोठी झालीस, उड्या काय मारतेस?" हे बहुतेक वेळा आपणच बोलतो. भाऊ मैदानावर आणि ती भांड्यांपाशी, हे तिला कळतं.

मैत्रिणी : सोबत असली की मुलगी जाते. एकटी पडली की घरी बसते.

गाव : पारावरचे शेरे, मुलांनी अडवलेलं मैदान, पाळीत डाग पडायची भीती.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. प्रत्येकीने पदक आणावं असं नाही. पण खेड्यातल्या पोरीला पळता येतं, हे गावाला दिसलं पाहिजे.

आपण काय करू शकतो?

• संध्याकाळचा एक तास मुलीला कामातून मोकळा द्या. भांडी भावालाही घासू द्या.
• चार-पाच घरच्या मुली एकत्र पाठवा. आळीपाळीने एक आई मैदानाजवळ थांबेल.
• पाळीत बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नाही, हे तिला सांगा.
• सतत थकवा असेल तर ओरडू नका, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.
• मैदानावर मुलींची वेळ ठरवायला ग्रामसभेत मागणी करा.

चर्चेसाठी : तुमचं स्वतःचं खेळणं कधी थांबलं? कोणी थांबवलं? आज घरी गेल्यावर हेच मुलीला सांगा, आणि तिचंही ऐका.