दुकानदार म्हणाला, "टँकच्या मापानेच वाढतो"

माझ्या तीन फुटी टँकमध्ये चार एंजल मासे होते. पुढच्या काचेवर शेवाळाचा हिरवा थर चढायला लागला, म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराने जाळी बुडवली आणि दोन इंचांचा, काळपट ठिपक्यांचा मासा पिशवीत टाकला. "ताई, सकर न्या. काच, दगड, सगळं चाटून साफ करतो. वेगळं खाणंही लागत नाही." 60 रुपये. मी एवढंच विचारलं, "हा मोठा किती होतो?" तो म्हणाला, "टँकच्या मापानेच वाढतो."

हे धादांत खोटं आहे, आणि तो इतकी वर्षं मासे विकतोय, त्याला ते माहीत नसेल असं मी मानत नाही. अपुऱ्या जागेत माशाची वाढ खुंटते ती हाल झाल्यामुळे. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, लांबी एक ते दीड फूट, आयुष्य दहा-पंधरा वर्षं. माझा सव्वा वर्षात 9 इंचांचा झाला. टँकची रुंदी एक फूट. त्याला वळताना शेपटी काचेवर आपटायची.

पहिले चार-पाच महिने काच स्वच्छ राहिली, हे मान्य करते. लहान असताना तो खरंच शेवाळ खातो. पुढे त्याला एंजलच्या दाण्यांची चटक लागली आणि शेवाळ मागे पडलं. शिवाय त्याची घाण. रोज सकाळी वाळूवर लांबच लांब दोऱ्यांसारखी विष्ठा पडलेली असायची. फिल्टरचा स्पंज मी पंधरा दिवसांनी धुवायचे, तो चार दिवसांत तुंबायला लागला. घाण कुजली की शेवटी नायट्रेट होतं आणि नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खत. ज्याला शेवाळ संपवायला आणलं, त्याच्याच घाणीवर ते पोसलं जात होतं.

मग एंजलच्या अंगावर चट्टे दिसायला लागले. दुकानदाराने आधी निळं औषध दिलं, मग मीठ, मग आणखी एक बाटली. सगळे मिळून 740 रुपये. प्रत्येक वेळी तेच ऐकवलं: "ताई, तुमचं पाणी खराब आहे. बायका हौसेने जास्त खायला घालतात." मी तपासणीचा संच आणून पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट तेवढं जास्त होतं, त्याचं कारण वर सांगितलंच. त्याने माझं म्हणणं ऐकूनही घेतलं नाही. दोन एंजल याच काळात गेले.

खरं काय ते एका रात्री कळलं. दोन वाजले असतील. मी पाणी प्यायला उठले होते, टँकचा दिवा बंद होता, म्हणून मोबाइलचा टॉर्च मारला. चंदेरी एंजल पानांच्या आडोशाला स्थिर उभा होता आणि सकर त्याच्या कुशीला चिकटलेला. एंजल तडफडत नव्हता, नुसते कल्ले भराभर हलत होते. उजेड पडताच सकर सुटला आणि लाकडामागे गेला. तो चिकटला होता तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली होती. खवले गेलेले, आत गुलाबी. चार महिने मी ज्याला बुरशी समजून औषधं घालत होते, ते हे होतं. मी किती वेळ तिथे बसून होते सांगता येणार नाही.

सकर रात्रीचा हिंडतो. पोट भरलं नाही की संथ, चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडून खातो. एंजल आणि गोल्डफिश त्याला सहज सापडतात. 'वेगळं खाणं लागत नाही' हे दुसरं खोटं. त्याला दिवा मालवल्यावर उकडलेली काकडी, दोडका, पालक आणि तळाशी बसणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, कुरतडायला लाकूड लागतं. सव्वा वर्ष माझा मासा अर्धपोटी होता. त्याच्यावर माझा राग नाही.

दुकानदाराने तो परत घ्यायला नकार दिला. वर म्हणाला, "नदीत सोडून द्या, पुण्य लागेल."

माझं माहेर भिगवणचं. तिथे उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात हाच सकर येतो. त्याच्या परांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो वरची हवा गिळून घाण पाण्यातही तग धरतो, काठात बिळं करून अंडी घालतो. आमच्या पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेवरच उजनी आहे. कुणाच्या पोटावर पाय देऊन कसलं पुण्य? मी तीन महिने फोन करत राहिले, तेव्हा कुठे सहा फुटी टँक असलेल्या एका गृहस्थांनी तो नेला.

आता ज्यांना शेवाळ खाणारा मासा घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी. मध्यम टँकला ब्रिसलनोज चालतो, तो चार-पाच इंचांवर थांबतो. ओटो दोन इंचांच्या आतला, गरीब मासा, पण त्याला सोबतीला पाच-सहा लागतात आणि टँक काही महिने जुना हवा. नव्या कोऱ्या टँकमध्ये तो उपाशी मरतो. विकत घेताना पोट पाहा, खपाटीला गेलेलं असेल तर घेऊ नका. सयामी शेवाळखाऊ म्हणून चिनी शेवाळखाऊ गळ्यात मारतात. खऱ्या सयामीचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो. चिनी तोंडाने काचेला चिकटून बसतो, मोठा झाला की भांडखोर होतो आणि सकरसारखाच इतरांच्या अंगाला लागतो. सोनेरी रंगाला भुलू नका, तोही चिनीच.

बाकी नेहमीचंच: दाणे कमी घाला, दर आठवड्याला पाव पाणी बदला. माझ्याकडे शेवाळाचं मूळ गॅलरीतून येणारं सकाळचं ऊन आणि बारा-बारा तास चालू राहणारा दिवा हे होतं. पडदा लावला, टायमर लावून दिवा सहा तासांवर आणला. महिन्याभरात थर येणं जवळजवळ थांबलं. उरलेलं मी जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडते. स्पंज वापरलात तर त्यात वाळूचा कण नाही ना ते बघा, काचेवर कायमचा ओरखडा उठतो.

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: दोन वर्षांनी हा केवढा होईल, आणि तेव्हा तुम्ही परत घ्याल का? उत्तर बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर मासा तिथेच ठेवून या. आणि ज्यांच्या घरी आज सकर आहे, त्यांना हात जोडून सांगते, जागा पुरेनाशी झाली तर मोठा टँक असलेलं घर शोधा, पण तो नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका.