अक्षरे बिघडतात कोठे?

संगणकाच्या संचिकेत अक्षरे साठविलेली नसतात. असतात ते केवळ अंक. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे ज्या कोष्टकाने ठरते त्यास संकेतावली म्हणतात. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली सिद्ध केलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ हे अक्षर २२४, १६४ व १७४ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. हेच बाइट पश्चिम युरोपीय भाषांच्या लॅटिन-१ संकेतावलीनुसार वाचले, तर ‘म’च्या जागी तीन असंबद्ध चिन्हे उमटतात.

वेब सर्व्हर संचिकेसोबत एक शीर्षलेख पाठवितो. त्यात संकेतावलीचे नाव असल्यास ब्राउझर तेच प्रमाण मानतो. एचटीएमएल संचिकेच्या आत केलेली नोंद गौण ठरते. त्यामुळे मजकूर निर्दोष असूनही शीर्षलेखातील एका चुकीच्या नावाने संबंध पृष्ठ दुर्बोध होते.

अशा वेळी मजकुरास हात लावणे घातक होय. पडद्यावरील विकृत चिन्हेच यूटीएफ-८ मध्ये साठविली, तर ‘म’च्या तीन बाइटांचे सहा होतात आणि केवळ वाचनातला दोष संचिकेत कायमचा शिरतो. याउलट, शीर्षलेखात यूटीएफ-८ हे नाव घातल्यास तोच मजकूर, एकही अक्षर न बदलता, शुद्ध दिसू लागतो.