लिबास : अंगावरचा आणि आयुष्याचा

दिव्य कुरआनात ‘लिबास’ हा शब्द अनेक ठिकाणी आला आहे. त्यांतील दोन ठिकाणे एकत्र वाचावीत असे मला नेहमी वाटते. सूरह अल-आराफच्या 26 व्या आयतीत अल्लाह आदमच्या संततीला स्मरण करून देतो की, वस्त्र ही त्याची देणगी आहे. ते लज्जारक्षण करते आणि शोभाही देते, परंतु तकव्याचे वस्त्र त्याहून श्रेष्ठ होय. सूरह अल-बकराच्या 187 व्या आयतीत पती आणि पत्नी यांना एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे. अंगावर काय घालावे आणि आयुष्य कोणाबरोबर घालवावे, हे तरुण वयातील दोन मोठे प्रश्न. कुरआनाने दोहोंसाठी एकच शब्द वापरला, हा योगायोग नव्हे.

हे लिहिण्याचे निमित्त असे. गेल्या हिवाळ्यात अकोल्यात तरुणांसाठी एक दर्स झाला. शेवटी प्रश्न विचारायचे तर नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहून द्या, असे मी सांगितले. नमाजेचे, जकातीचे प्रश्न येतील अशी माझी समजूत होती. तेवीस चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकी सतरा पोशाख, केस, मोबाइलवरील ओळखी आणि ‘रिलेशनशिप’ यांविषयी होत्या. एका चिठ्ठीत एवढेच होते : “मला वर्गातली एक मुलगी आवडते. मी गुन्हेगार आहे का?” पडद्यामागून आलेल्या एका चिठ्ठीत त्याहून कमी शब्द होते : “आम्हाला विचारते कोण?”

आधी पोशाखाविषयी. आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे की, धार्मिक मनुष्य म्हणजे गबाळा मनुष्य. हदीसमध्ये याला आधार नाही. ह. मालिक बिन नजला (रजि.) प्रेषितांच्या (स.) सेवेत जीर्ण वस्त्रांत आले. प्रेषितांनी (स.) विचारले की, तुमच्याकडे संपत्ती आहे काय? त्यांनी उंट, शेळ्या-मेंढ्या, घोडे अशी यादी सांगितली. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, अल्लाहने दिलेल्या कृपेची खूण तुमच्या अंगावर दिसली पाहिजे. हे अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे. सहीह मुस्लिममधील प्रसंग तर अधिक प्रसिद्ध आहे. आपले कपडे आणि पादत्राणे छान असावीत असे एखाद्याला वाटले, तर तो अहंकार ठरेल काय, असा प्रश्न आला. उत्तर मिळाले की, अल्लाह सुंदर आहे आणि सौंदर्य त्याला प्रिय आहे. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे.

‘ही फॅशन आपली नाही, परक्यांची आहे’ असा आक्षेप वडीलधारे घेतात. त्यांनी तबूकच्या मोहिमेतील एक प्रसंग पाहावा. प्रेषितांच्या (स.) अंगावर शामचा, म्हणजे त्या काळी रोमी अंमलाखालील सीरियाचा, जुब्बा होता. त्याच्या बाह्या इतक्या अरुंद होत्या की वुजूसाठी वर सरकेनात. शेवटी हात आतून काढावे लागले. यमनमध्ये विणलेली पट्ट्यांची चादर त्यांना विशेष आवडे, हेही बुखारीत नोंदलेले आहे. वस्त्र कोठून आले हा मूळ प्रश्न नव्हता. आपल्या मराठीतला ‘पोशाख’ हा शब्दही फारसीतूनच आला आहे.

मर्यादा आहेत, आणि त्या मोजक्याच आहेत. सतर झाकले जावे; पुरुषाने रेशीम आणि सोने वापरू नये; स्त्री-पुरुषांनी एकमेकांचे वेषानुकरण करू नये; उधळपट्टी नसावी आणि मिरवण्याचा हेतू नसावा. माझ्या मते आज सर्वांत अवघड झालेली मर्यादा शेवटची आहे. जो प्रसिद्धीचे वस्त्र घालील त्याला कियामतच्या दिवशी अपमानाचे वस्त्र घातले जाईल, असा इशारा अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या हदीसमध्ये आहे. प्रसिद्धीसाठी पूर्वी मनुष्याला चौकात जावे लागे. आता नांदगाव पेठच्या बिझिलँडमधून आणलेला शर्ट अंगावर चढण्याआधी त्याची रील निघते, आणि किती जणांनी पाहिली हे रात्रभर मोजले जाते. शर्ट हलालच आहे. प्रश्न त्या रात्रभराच्या मोजणीचा आहे. वऱ्हाड ही कापसाची भूमी. ज्या बापाच्या कापसाला भाव मिळत नाही, त्याचा मुलगा हप्त्यावर बूट घेतो, तेव्हा सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीतील उधळपट्टीची मनाई कोणत्याही तफसीरवाचून कळते.

केसांविषयी पाच चिठ्ठ्या होत्या. डोक्याचा काही भाग भादरणे आणि काही तसाच ठेवणे याला ‘कज़अ’ म्हणतात. त्याची मनाई ह. इब्न उमर (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोहोंत आली आहे. कडेचे केस बारीक करणे आणि पूर्ण भादरणे यांत फरक आहे. न्हाव्याने वस्तरा फिरवून अर्धे डोके उघडे पाडले तर ते टाळावे. केवळ कात्रीने लहान केले तर त्यावरून मुलाला मशिदीच्या दारात अडवू नये. मी असे अडवलेले मुलगे पाहिले आहेत. त्यांतले काही पुन्हा आले नाहीत.

एक गोष्ट तरुण बांधवांना स्पष्ट सांगितली पाहिजे. सूरह अन-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा 30 व्या आयतीत पुरुषांना आहे. स्त्रियांना ती 31 व्या आयतीत आहे. क्रम अल्लाहने ठरविला आहे. बहिणीच्या ओढणीवर पहारा देणारा भाऊ स्वतः मांडीपर्यंत फाटलेली जीन्स घालून हिंडतो, तेव्हा त्याला हे ठाऊक असते काय की, हनफी मतानुसार पुरुषाचा गुडघाही सतरमध्येच मोडतो?

आवडणे आणि लपवणे

आता त्या पहिल्या चिठ्ठीकडे येऊ. कोणी आवडणे हा गुन्हा नव्हे. मदीनेत ह. बरीरा (रजि.) गुलामगिरीतून मुक्त झाल्या आणि त्यांना पती ह. मुगीस (रजि.) यांच्यापासून वेगळे होण्याचा अधिकार मिळाला. तो त्यांनी वापरला. मुगीस रडत त्यांच्यामागे फिरत. आसवांनी त्यांची दाढी भिजे. प्रेषितांनी (स.) त्यांचा उपहास केला नाही, त्यांना दटावले नाही. उलट बरीरांना विचारले की, तुम्ही त्यांच्याकडे परत जाल तर? बरीरांनी विचारले की, ही आज्ञा आहे का? प्रेषित (स.) म्हणाले की नाही, मी केवळ रदबदली करतो. बरीरांनी नकार दिला, आणि विषय तेथेच संपला. ही हदीस बुखारीत आहे. मुलाचे प्रेम खरे असू शकते आणि तरीही मुलीचा नकार अंतिम असू शकतो. नकारानंतर मेसेजवर मेसेज पाठवणारा, मित्रांकडून निरोप धाडणारा, फोटो दाखवण्याची धमकी देणारा तरुण मुगीसांचे नाव घेऊ शकत नाही.

मग ‘डेटिंग’ला हरकत कशाची? हरकत भावनेला नाही, रचनेला आहे. दोघे जण एकमेकांना सर्व काही द्यायला लागतात; साक्षीदार कोणी नाही, जबाबदारी कोणावर नाही, आणि मुदतही नाही. सूरह अल-बकराच्या 235 व्या आयतीत इद्दतमधील स्त्रीविषयी सूक्ष्म नियम आहे : विवाहाची इच्छा सूचकपणे व्यक्त करण्यात दोष नाही, परंतु गुप्तपणे वचने देऊ नका. मनात येणार हे अल्लाहला ठाऊक आहे, असेही तेथेच म्हटले आहे. नियम इद्दतचा असला तरी त्यातील फरक सर्वांनी शिकण्याजोगा आहे. इच्छा सांगता येते. चोरटे वचन देता येत नाही. रात्री दोन वाजता बंद खोलीतून चालणारे संभाषण फिकहच्या काटेकोर व्याख्येत ‘खलवत’ ठरत नाही असे कोणी म्हणेल. तथापि त्या संभाषणातला तिसरा कोण, हे दोघांनाही माहीत असते. ‘हलाल डेटिंग’ असे नाव दिल्याने त्यात काही बदलत नाही.

याउलट मद्यनच्या विहिरीचा प्रसंग वाचावा. तो सूरह अल-कसस, आयत 23 ते 28 मध्ये आहे. ह. मूसा (अलै.) दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजतात आणि बाजूला सावलीत जाऊन बसतात. त्यांच्यापैकी एक लज्जेने चालत येऊन वडिलांचा निरोप देते. घरी वडिलांना तीच सुचवते की, या माणसाला कामावर ठेवा. तो सशक्त आहे आणि विश्वासू आहे. वडील समजतात आणि विवाहाचा प्रस्ताव स्वतः मांडतात, अटी उघड ठरतात, अल्लाहला साक्षी ठेवले जाते. मुलीने पाहिले, पारखले आणि बोललीही. मात्र जे बोलली ते वडिलांपाशी बोलली. आणि तिचे वडील ऐकणारे होते.

वडीलधाऱ्यांचा हिस्सा

हा शेवटचा मुद्दा सोडून केवळ तरुणांना उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ह. मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांनी एका अन्सारी मुलीला मागणी घातली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना तिला एकदा पाहून घेण्यास सांगितले, त्याने जिव्हाळा टिकण्याची शक्यता वाढते. ते तिच्या घरी गेले. आईवडिलांना ही गोष्ट रुचली नाही. पडद्याआडून मुलगीच बोलली की, प्रेषितांनी (स.) सांगितले असेल तर पाहा. आज आपण काय करतो? मुलीचा फोटो चाळीस व्हॉट्सॲप गटांत फिरू देतो, आणि मुलगा घरी येऊन वडिलांसमोर पंधरा मिनिटे तिच्याशी बोलू म्हणाला की आपली अब्रू जाते.

पुढे बिरादरी येते, मग जहेज. फिकहमध्ये ‘कुफू’ची चर्चा आहे, ती दोघांचा संसार नीट चालावा म्हणून, दीन आणि चारित्र्य पसंत असलेले स्थळ केवळ आडनावावरून परतवण्यासाठी नव्हे. तिरमिजीच्या हदीसमध्ये असे स्थळ परतवल्यास पृथ्वीवर फितना माजेल असा इशारा आहे. प्रेषितांनी (स.) लोखंडी अंगठीही महर म्हणून चालेल असे एका गरीब सोबत्याला सांगितले, आणि तीही नव्हती तेव्हा त्याला पाठ असलेल्या कुरआनावर निकाह लावला. हुंड्याला बंदी घालणारा कायदा या देशात 1961 पासून आहे. दोन्ही ठिकाणी मनाई असलेली वस्तू आपल्या दिवाणखान्यात ‘भेट’ या नावाने मोजली जाते, आणि ती जमेपर्यंत मुलगी अठ्ठावीसची होते.

येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातील एका निकाहात वकील आणि दोन गवाह इजाजत घेऊन आले, तेव्हा एक गवाह हळूच म्हणाला की, “मौलाना, मुलगी रडत होती.” मुली रडतातच, असे मी म्हणालो आणि खुतबा सुरू केला. दोन वर्षांनी खुलासाठी तीच मुलगी वडिलांसह माझ्यासमोर बसली होती. तिने मला एकच विचारले, “त्या दिवशी आत येऊन विचारले असते तर?” ह. खन्सा बिन्त खिजाम (रजि.) यांचा विवाह त्यांच्या वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला होता आणि प्रेषितांनी (स.) तो रद्द ठरविला, ही बुखारीतील हदीस मी मदरशात पाठ केली होती. कुमारिकेचे मौन ही संमती असते हेही पाठ केले होते. मौन आणि हुंदका यांत फरक असतो, हे मात्र त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही.

तेव्हापासून निकाहाच्या दोन दिवस आधी मी घरच्यांना विनंती करतो : मुलीचा विश्वास असलेल्या एखाद्या स्त्रीने, मावशीने किंवा शिक्षिकेने, तिला एकटीला विचारावे, महरची रक्कम तिला आकड्यासह सांगावी, आणि ‘नाही’ म्हटले तरी घरात तिला कोणी बोलणार नाही, अशी हमी वडिलांनी द्यावी. बहुतेक घरे मान्य करतात. दोन घरांना राग आला. त्यांपैकी एकाने दुसऱ्या काजींना बोलावले.

चिठ्ठीवाला मुलगा पुढच्या जुम्याला स्वतःच भेटायला आला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या : आजपासून त्या मुलीला मेसेज बंद, आणि आठ दिवसांत आईला सांगायचे. नोकरी नाही, हसतील, असे तो म्हणाला. सूरह अन-नूरच्या 32 व्या आयतीत अविवाहितांचे विवाह करून देण्याची आज्ञा वडीलधाऱ्यांना आहे आणि गरिबीचा उल्लेखही तेथेच आहे, हे मी दाखवले. ऐपत होईपर्यंत तरुणांनी रोजे ठेवावेत ही हदीसही सांगितली. आईने आधी दोन दिवस बोलणे सोडले, मग वडिलांना सांगितले. दोघे रीतसर मुलीच्या घरी गेले. बिरादरी वेगळी आहे. मुलीच्या वडिलांनी चहा दिला, मुलाचे शिक्षण विचारले आणि मुलीला विचारून पंधरा दिवसांनी कळवतो, असे सांगितले. मुलगा सोमवार-गुरुवारचे रोजे ठेवतो आहे. हे लिहीपर्यंत नऊ दिवस झाले आहेत.