चर खोदण्यास अनुदान, बुजविण्यासही अनुदान

पाण्याचा निचरा झाला की जमीन सुधारते, असे आपण मानतो. शेतापुरते ते बहुधा खरेही आहे. परंतु प्रत्येक जागा शेताची नसते. याविषयी स्कॉटलंडचे उदाहरण बोधप्रद आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील डोंगराळ दलदलींत चर खोदण्यास सरकार अनुदान देत असे. गवत वाढेल, मेंढ्या पोसतील, ही अपेक्षा. पण हजारो वर्षे पाण्याखाली न कुजता साठलेला वनस्पतींचा थर (यास पीट म्हणतात) कोरडा पडून कुजू लागला व त्यातील कार्बन हवेत जाऊ लागला. म्हणून २०१२ पासून सरकारी पैशानेच ते चर अडविले जात आहेत. ठिकठिकाणी पीटचे वा लाकडाचे बांध घातले की पाणी वर चढते आणि शेवाळ पुन्हा रुजते.

आपल्या दादरा व नगरहवेलीत पीट नाही. तत्त्व मात्र तेच. नाल्यांनी दमणगंगेकडे धावणारे पावसाचे पाणी पाणथळ जागा काही काळ धरून ठेवतात. अशा जागांसाठी केंद्राची २०१३ पासूनची जलीय परिसंस्था संवर्धन योजना आहे. तीत बहुतेक राज्यांना ६० टक्के, तर केंद्रशासित प्रदेशांना पूर्ण खर्च मिळू शकतो.

मात्र बांध घालण्यापूर्वी पाणी कोणाच्या शेतात चढेल हे पाहावे. शेजाऱ्याचे भात बुडवून तळे राखू नये. आणि नवा चर खोदण्यापूर्वी, तो पुढे कोणास बुजवावा लागेल, याचाही विचार करावा.